चाक निवडताना : नागपूर ते नागभीड रस्त्यावर शिकलेला हिशोब

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रोड बाईक दिसू लागल्या आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४९०० किलोमीटरची स्पर्धा बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात हीच स्पर्धा शेवटपर्यंत नेली होती. तेव्हापासून विदर्भातल्या पोरांना लांब पल्ल्याचे वेड लागले आहे. आणि एकदा का चांगली सायकल हातात आली, की पहिला प्रश्न येतो तो चाकांचा. "अबे, पन्नास एमएमचे कार्बन टाक, सायकल रॉकेट होईल!" हा सल्ला मला एकाच आठवड्यात मेसमध्ये चार जणांनी दिला. त्या चौघांपैकी एकानेही स्वतः अशी चाके वापरलेली नव्हती, हे सांगायला नकोच.

मी स्वतः हा सल्ला जवळजवळ मानला होता. का मानला नाही आणि त्याऐवजी काय केले, ते या लेखात सांगतो. आपण टी.ओ.एम. आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पास होण्यापुरते वाचतो, पण हा निर्णय घेताना ते दोन्ही विषय मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडले.

कानप्याच्या अलीकडे काय झाले

माझे घर नागभीडचे. माझ्या मावसभावाची कार्बन फ्रेमची डिस्क ब्रेकवाली रोड बाईक तो परदेशी गेला तेव्हा माझ्याकडे आली. माझ्या ऐपतीच्या कितीतरी पुढची वस्तू. तिला पुढे २० आणि मागे २४ तारांची, चपट्या तारांची देखणी चाके होती. हॉस्टेलपासून घर उमरेड, भिवापूरमार्गे शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे. म्हणजे जाऊन-येऊन २०० किलोमीटरची ब्रेव्हे होते, जिला साडेतेरा तासांची मुदत असते. मी दोन दिवसांत करायचो, एवढाच फरक.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका शनिवारी मी घरी निघालो होतो. भिवापूर मागे पडले, दुपारचे पावणेपाच वाजत आले होते. एका खड्ड्याची कड मागच्या चाकाला लागली आणि 'टिंग' असा आवाज आला. पंचवीस-तीस मीटर गेलो नाही तोच चाक फ्रेमला घासायला लागले. उतरून पाहिले तर कॅसेटच्या बाजूची एक तार हबजवळ तुटलेली. एकच तार! पण चाक इतके आऊट झाले होते की पूर्ण फेराच होईना. टायर फ्रेमच्या दांड्याला अडकून बसले.

ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानप्यापासून नागभीडकडे जाताना जंगलाचे पट्टे लागतात, एका अंगाला घोडाझरीचे जंगल आहे. २०१८ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ आणि माणसे यांच्यातला संघर्ष पेपरात तुम्ही वाचताच. आमच्याकडे दिवस मावळल्यावर एकट्याने पायी किंवा सायकलने कोणी निघत नाही. पूर्वी नागपूर ते नागभीड नॅरोगेजची छोटी गाडी होती, रस्त्यात काही झाले तर जवळचे स्टेशन गाठता यायचे. ती २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. मी सायकल खांद्यावर घेऊन कानप्यापर्यंत चालत आलो, एका पानठेल्यावर बसलो आणि बाबांना फोन केला. बाबा गावातल्या एकाचा पिकअप घेऊन आले. वाटेत काहीच बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर एवढेच म्हणाले, "महाग सायकल आहे म्हणतोस, मग एका तारेनं कशी काय बसली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मेकॅनिकलच्या पोराला बापाने हा प्रश्न विचारावा आणि त्याने मान खाली घालावी, हे मला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन नागभीडच्या मिस्त्री काकांकडे गेलो. त्यांची उभी हयात चाके बांधण्यात गेली. त्यांनी चाक हातात फिरवले, तारा मोजल्या आणि म्हणाले, "काहून गा बाबू, एवढ्या कमी तारा काहून ठेवल्या? अन् ही चपटी तार त् आपल्याकडं नाही भेटत." ती तार नागपुरातही मिळाली नाही. मागवायला तीन आठवडे लागले.

तार भार कशी पेलते

काकांच्या दुकानात टांगलेल्या साध्या काळ्या सायकलच्या तारा मोजा : पुढे ३२, मागे ४०. हा आकडा उगाच आलेला नाही. मागच्या कॅरिअरवर धानाचे पोते, दुधाचे कॅन किंवा अख्खे माणूस बसणार, म्हणून मागे जास्त.

आपल्याला वाटते की हब वरच्या तारांना लटकलेला असतो. प्रत्यक्षात चाक हे आधीच ताणून ठेवलेले स्ट्रक्चर आहे. प्रत्येक तारेत साधारण १०० ते १२० किलोचा ताण आधीपासून भरलेला असतो. भार आला की रिमचा जमिनीलगतचा भाग किंचित दबतो आणि तिथल्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांमध्ये फारसा फरक पडत नाही. अमेरिकन अभियंता जॉब्स्ट ब्रँट याने १९८१ साली चाकावर लिहिलेल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तार एकदम ओढून तुटत नाही, थकून तुटते. २ मिमी जाडीच्या तारेचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिमी. ११० किलोच्या ताणाला स्ट्रेस येतो सुमारे ३४३ मेगापास्कल. तारेचे स्टील हजाराच्या आसपास सहज झेलते. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ताण एकदा कमी होतो, पुन्हा भरतो. शंभर किलोमीटरमध्ये असे जवळपास ४७ हजार फेरे होतात. हा शुद्ध फटीगचा मामला आहे. तार जितकी ढिली, तितकी ती पूर्ण सैल होऊन झटका खाण्याची शक्यता जास्त. म्हणून ढिली तार घट्ट तारेआधी तुटते, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे.

दुसरी गोष्ट, मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून हबच्या दोन्ही बाजूंच्या तारांचा कोन सारखा नसतो. कॅसेटच्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या आणि खूप ताणलेल्या, दुसऱ्या बाजूच्या तिरप्या आणि बऱ्याच ढिल्या. कॅसेटच्या बाजूची तार तुटली की रिम लगेच दुसरीकडे ओढली जाते.

आता बाबांच्या प्रश्नाचे उत्तर. रिमचा व्यास ६२२ मिमी धरला तर परीघ सुमारे १९५४ मिमी. २४ तारांच्या चाकात एका बाजूला १२ तारा, म्हणजे एकाच बाजूच्या दोन तारांमधले अंतर १६३ मिमी. ३२ तारांच्या चाकात एका बाजूला १६, अंतर १२२ मिमी. एक तार तुटली की हे अंतर दुप्पट होते : एकीकडे ३२६, दुसरीकडे २४४ मिमी. रिमचा तेवढा तुकडा ढोबळमानाने बीम समजा. बीमचा बाक स्पॅनच्या घनाप्रमाणे वाढतो. ३२६ भागिले २४४ याचा घन येतो सुमारे २.४. म्हणजे रिम सारखीच असेल आणि लोडही तेवढाच असेल, तर २४ तारांचे चाक एक तार तुटल्यावर जवळपास अडीचपट वाकणार. खरी रिम गोल असते, साधा बीम नसते, त्यामुळे आकडा तंतोतंत घेऊ नका. पण एक चाक घासत का होईना घरी पोहोचते आणि दुसरे रस्त्यात बसते, त्याचे कारण इथे आहे.

वजनाचा हिशोब

चाकांच्या जाहिरातीत सर्वात मोठ्या अक्षरात वजन असते. शिवाय कोणीतरी नक्की सांगतो, "फिरणारं वजन दुप्पट असतं बे!" हे अर्धे खरे आहे. रिमचे वस्तुमान परिघावर असते, त्यामुळे सरळ पुढे जाण्याची ऊर्जा आणि फिरण्याची ऊर्जा जवळपास समान येते. वेग वाढवताना रिमचा एक ग्रॅम दोन ग्रॅमसारखा वागतो. फ्लायव्हीलचे गणित आठवा. पण फक्त वेग वाढवताना. एकसारख्या वेगाने जाताना किंवा चढावर एक ग्रॅम म्हणजे एक ग्रॅमच.

समजा एक जोडी १४५० ग्रॅमची, दुसरी १७५० ग्रॅमची. फरक ३०० ग्रॅम. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ७५ किलो.

थांबलेल्या स्थितीतून ताशी ३० किमी वेग गाठायला ७५ किलोला सुमारे २६०० ज्यूल लागतात. ३०० ग्रॅम सगळे रिममध्येच आहेत असे धरले आणि दुप्पट केले, तरी जास्तीचे लागतात २१ ज्यूल. एक टक्क्याहून कमी.

६ टक्के चढावर ताशी १२ किमी वेगाने जाताना ७५ किलो वर चढवायला सुमारे १४७ वॅट लागतात. ३०० ग्रॅमचा वाटा त्यात ०.६ वॅट. आणि नागपूर ते नागभीड रस्त्यावर असा चढ शोधून सापडत नाही! हा सगळा धानाच्या बांध्यांचा सपाट प्रदेश. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलचे वजन किमान ६.८ किलो हवे असा नियम २००० सालापासून ठेवला आहे, म्हणजे व्यावसायिक स्पर्धकांनाही एका मर्यादेपुढे ग्रॅम वाचवून काही मिळत नाही. आपण सकाळी मेसमध्ये दोन पराठे कमी खाल्ले तर ३०० ग्रॅम तिथेच वाचतात. (मी वाचवत नाही.)

हवेचा हिशोब

खोल रिमचा खरा फायदा हवेचा. हवेच्या विरोधात लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. हवेची घनता १.१३, सायकलस्वाराचे ड्रॅग क्षेत्र ०.३२ चौरस मीटर धरले तर ताशी २५ किमीला सुमारे ६१ वॅट, ३० ला १०५ वॅट आणि ४० ला तब्बल २४८ वॅट लागतात.

चाकांच्या विंड टनेल चाचण्या बहुधा ताशी ४५ किमीच्या आसपास होतात. समजा तिथे एखाद्या ५० मिमी रिमने उथळ रिमपेक्षा १० वॅट वाचवले. घनाचा नियम लावा. ३० किमीला उरतात ३ वॅट, २५ किमीला १.७ वॅट. आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, की शंभर किलोमीटरला माझा सरासरी वेग किती येतो? माझा आहे २५ ते २६.

याची दुसरी बाजूही आहे. उमरेड भागात कोळशाच्या खाणी असल्याने त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात. ट्रक बाजूने गेला की आधी हवेचा धक्का बसतो, मग आत ओढ. पुढची रिम जितकी खोल, तितका हा धक्का हँडलला जास्त पिळतो. वजनाने हलक्या पोराला तर जास्तच. सामूहिक रोड शर्यतींत २०२६ पासून रिमची खोली ६५ मिमीपर्यंत मर्यादित केली आहे. आपल्यासारख्यांना ट्रकच्या रस्त्यावर पुढे ३०-३५ मिमीच्या वर जायचे कारण नाही.

टायर आणि हवेचा दाब : इथे चुकलात तर पडाल

चाकाच्या चर्चेत टायरकडे कोणाचे लक्ष नसते, आणि सर्वात जास्त वॅट तिथेच असतात. रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.००५ असलेले चांगले टायर ७५ किलोला ताशी ३० किमी वेगाने ३१ वॅट खाते. ०.००८ वाले कडक, जाड टायर ४९ वॅट खाते. फरक १८ वॅटचा. वर आपण ३ वॅटसाठी किती पैसे मोजत होतो ते आठवा.

म्हणून रिम निवडताना आतली रुंदी पाहा. जुन्या रिम १५-१७ मिमीच्या, त्यावर २३-२५ मिमीचे टायर. आता १९, २१, २३, २५ मिमी आतल्या रुंदीच्या रिम मिळतात आणि त्यावर २८ ते ३२ मिमीचे टायर नीट बसते. टायर रुंद म्हणजे दाब कमी ठेवता येतो, खड्ड्यात रिम वाचते, हातही वाचतात. आधी फ्रेममध्ये किती रुंद टायर मावते ते व्हर्नियरने मोजा.

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. हल्ली बऱ्याच कार्बन रिम 'हुकलेस' असतात. म्हणजे टायरची कड पकडून ठेवणारा आतला हूक त्यात नसतो. अशा रिमवर फक्त त्यासाठी मान्य केलेले ट्यूबलेस टायर चालते, आणि दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. आतली रुंदी २५ मिमी असेल तर टायर निदान २९ मिमी हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये युएई टूर या शर्यतीत बेल्जियमच्या थॉमस डी गेंटचे टायर अशा रिमवरून सुटले आणि तो पडला. त्यानंतर या रिमच्या सुरक्षिततेवर मोठा वाद झाला. ज्यांच्याकडे टीमची गाडी आणि मेकॅनिक मागे असतो, त्यांच्यात हा वाद आहे.

आपल्याकडे काय होते ते पाहा. रस्त्यावर हवा कमी झाली की आपण ट्रकच्या टायरवाल्याकडे थांबतो. तो कॉम्प्रेसरने हवा भरतो आणि अंगठ्याने दाबून "झाली" म्हणतो. त्याचा गेज ट्रकसाठी आहे. रोड बाईकच्या छोट्या टायरमध्ये दोन-तीन सेकंदांत ९०-१०० पीएसआय सहज जातात. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला हुकलेसची मर्यादा कोण सांगणार?

त्यात आमचे ऊन. मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा ४६ अंशांच्या पुढे जातो. समजा पहाटे २५ अंशांना तुम्ही बरोबर ७० पीएसआय भरले. दुपारी सायकल उन्हात उभी राहिली आणि टायरमधली हवा ६० अंशांपर्यंत तापली. गेजच्या दाबात वातावरणाचे १४.७ मिळवा, ८४.७ झाले. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, २९८ वरून ३३३. नवा दाब ९४.६, त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ८०. पंपाला हात न लावता तुम्ही मर्यादेच्या वर गेलात! बारावीतले गणित आहे, पण सायकल घेताना कोणी करत नाही. मी ठरवले, की रिम हूकवालीच घ्यायची. तिच्यावर ट्यूबही चालते, ट्यूबलेसही.

ट्यूबलेस घ्यावे का? आमच्याकडे शेताच्या कुंपणाला बाभळीच्या काट्यांच्या फांद्या लावतात. बैलगाडीतून त्या नेताना काटे रस्त्यावर सांडतात. अशा काट्यांना टायरमधले सीलंट फार चांगले काम करते, छिद्र आपोआप बुजते. पण उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, दोन महिन्यांनी पाहून पुन्हा भरावे लागते. आणि खिशात एक ट्यूब ठेवायचीच. टायरला चीर पडली तर सीलंट काही करत नाही.

हब, फ्रीहब आणि ब्रेकची जुळणी

हबमध्ये दोन गोष्टी पाहायच्या. एक, बेअरिंग. जुन्या हबमध्ये कोनात सुटे छर्रे असतात, ते मिस्त्रीकडे साफ करून ग्रीस भरता येतात. नव्या हबमध्ये कार्ट्रिज बेअरिंग असते. त्यावरचा नंबर वाचा. ६९०२ सारखा प्रचलित नंबर असेल तर शहरातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात चौकशी करता येते. त्या कंपनीचे खास मापाचे असेल तर पुन्हा तीन आठवडे.

दोन, फ्रीहबचे कुत्रे. पॅडल थांबवल्यावर जो 'किर्रर' आवाज येतो तो त्यांचाच. आवाज मोठा म्हणजे हब भारी, हा हॉस्टेलमधला समज खोटा आहे. ग्रीस कमी असले तरी आवाज वाढतो. कुत्रे आणि त्यांच्या स्प्रिंगा काढून साफ करता येतात का, सुटे मिळतात का, ते विचारा.

जुळणीची यादी दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा : एक्सल (डिस्क ब्रेकच्या बहुतेक नव्या रोड बाईकना पुढे १२ × १०० आणि मागे १२ × १४२ मिमी), रोटर सहा बोल्टचा की सेंटर लॉकचा, फ्रीहब तुमच्या कॅसेटच्या पद्धतीचा आहे की नाही. यातले एक चुकले तरी चाक लागत नाही.

ज्यांची जुनी रिम ब्रेकची सायकल आहे त्यांनी कार्बन रिम घेताना दहा वेळा विचार करावा. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना उंची जवळपास ७०० मीटरने कमी होते. ७५ किलोसाठी ही ऊर्जा ५१५ किलोज्यूल. काही हवेत जाते, उरलेली ब्रेक मारत उतरलात तर उष्णता होऊन रिममध्ये. ॲल्युमिनियम उष्णता पसरवते. कार्बनमधले रेझिन ठरावीक तापमानानंतर मऊ पडते आणि रिम फाकते. डिस्क ब्रेकमध्ये ही उष्णता रोटर घेतो. मात्र डिस्कचा ब्रेक हबवर लागतो आणि तो पीळ तारांमधूनच रिमपर्यंत जातो. त्यामुळे डिस्कच्या चाकात पुढच्या तारासुद्धा एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या हव्यात, सरळ त्रिज्येतल्या नकोत.

मग कोणी काय घ्यावे?

ज्याचे वजन ६० ते ७०, ग्रुपमध्ये ताशी ३८-४० ने रेसिंग करतो, मागे गाडी असते, त्याने ४५-५० मिमी कार्बन जरूर घ्यावे. त्याच्यासाठी वॅट खरे आहेत. जो घाटात शर्यती करतो त्याने हलके ३०-३५ मिमी घ्यावे. जो ब्रेव्हे करतो, एकटा फिरतो, किंवा माझ्यासारखा गावाला जातो, त्याने ॲल्युमिनियमची हूकवाली रिम, २८ किंवा ३२ साध्या गोल, डोक्याशी वाकवलेल्या तारा आणि उघडता येणारा हब घ्यावा. तारा दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी अशा घ्या. मधला बारीक भाग जास्त ताणला जातो, त्यामुळे तार पूर्ण ढिली पडत नाही आणि वाकवलेल्या टोकावरचा फटीग कमी होतो. बारीक तार जास्त टिकते, हेही मला आधी पटले नव्हते.

आणि बिनानावाची स्वस्त कार्बन रिम कोणीच घेऊ नये. आत हवेचा बुडबुडा राहिला की थर सुटलेत, हे वरून डोळ्यांना दिसत नाही.

मी काय केले

इंटर्नशिपचे जमवलेले २५ हजार माझ्याकडे होते. धानाचे चुकारे आल्यावर बाबांनी १५ हजार दिले. ते देताना म्हणाले, "चाक कोणतंही घे. फक्त अंधाराच्या आत घरी आलं पाहिजे." कंपनीच्या एकाही कॅटलॉगमध्ये ही अट मला दिसली नव्हती. पण मला लागणारे स्पेसिफिकेशन नेमके हेच होते.

मी २१ मिमी आतल्या रुंदीच्या ॲल्युमिनियम रिम घेतल्या, पुढे २८ आणि मागे ३२ तारांच्या. हब, तारा, निपल सुटे मागवले. चाके मिस्त्री काकांकडे बसून स्वतः बांधली. पहिले चाक तीनदा उघडले. काका तार अंगठ्याने छेडून आवाजावरून ताण सांगायचे. मी वर्गातल्या सरांच्या मदतीने टेन्शन मीटर आणून तपासले, तेव्हा कॅसेटच्या बाजूच्या १६ तारांपैकी काकांचा अंदाज दोनच ठिकाणी चुकला. जोडीचे वजन आले १७९० ग्रॅम. ३० मिमीच्या चांगल्या टायरसकट सगळा खर्च ३६ हजारांत बसला. उरलेले चार हजार बाबांना परत दिले.

त्यानंतर सव्वा वर्षात या चाकांवर सुमारे ५ हजार किलोमीटर झाले. गेल्या दिवाळीत पुन्हा एक तार तुटली, माझ्याच हलगर्जीपणाने, सायकल एसटीच्या टपावर टाकताना दणका बसला होता. भिवापूरच्या थोडे पुढे लक्षात आले. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, तिच्या दोन्ही बाजूंच्या निपल किंचित सैल केल्या, चाक फिरले. हळूहळू, ताशी अठराने, सव्वापाचला घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या डब्यातून मापाची तार काढून दिली.

शेवटी थोडक्यात

चाक घेण्याआधी चार आकडे लिहून काढा : तुमचे सामानासह वजन, तुमचा खरा सरासरी वेग, फ्रेममध्ये मावणारे टायर, आणि जिथे सायकल बंद पडू शकते तिथून जवळचा मिस्त्री किती किलोमीटरवर आहे. पहिल्या तिघांवरून दोन-तीन पर्याय उरतील, चौथ्यावरून एकच.

चाक घेतल्यावर दर महिन्याला दोन-दोन तारा बोटांनी एकत्र दाबून पाहा, एखादी वेगळी लागली तर आऊट काढून घ्या. सायकल उन्हात उभी करू नका. लांब जाताना एक ट्यूब, आपल्या मापाच्या दोन तारा आणि निपलचा पाना सोबत ठेवा. तारा सीट पोस्टला चिकटपट्टीने बांधल्या की लक्षातही येत नाहीत.

कोणाला चाक बांधायला शिकायचे असेल तर रविवारी दुपारी पार्किंगच्या शेडमध्ये या. माझ्याकडे जुनी एक रिम आणि ३२ तारा पडून आहेत. पहिल्या वेळी चुकेलच, तेव्हा वेळ काढून या.